आधी भिंत ठरवा, मग घरटं: मराठवाड्याच्या उन्हात चिमण्यांसाठी घर

दरवर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून तो रुजवला. त्या सुमारास आपल्याकडे घरटी विकत घेतली जातात, भेट दिली जातात आणि समोर जो खिळा दिसेल त्याला टांगली जातात. पुढे दीड महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पश्चिमेच्या भिंतीवरचं ते खोकं तापून निघतं, आणि मग "आमच्याकडे चिमणी येतच नाही" अशी तक्रार सुरू होते. लाकूड कोणतं, आकार कसा याची चर्चा खूप होते. मराठवाड्यात मात्र पहिला प्रश्न सावलीचा. भिंत चुकली तर सागवानी घरटंही वाया जातं आणि भिंत साधली तर कुंभाराकडचं गाडगंही पुरतं.

घर टांगायची वेळ का आली, तेही थोडक्यात. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात चिमणीला जागा शोधावी लागत नसे. दगड-मातीच्या जाडजूड भिंतींतल्या सांदी, तुळईच्या टोकाशी राहिलेली फट, वसरीतल्या देवळ्या, वाड्याच्या दरवाजावरचे कोनाडे, सगळं तिचंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच जड घरं माणसांवर कोसळली. लातूर-धाराशिवकडे त्यानंतर जी गावं नव्याने वसली ती सिमेंट-काँक्रीटची. माणसांच्या दृष्टीने ते योग्यच झालं. इतर जिल्ह्यांतही माळवदं उतरली आणि स्लॅब आले. स्लॅबच्या घरात फट राहिली तर ती मिस्त्रीची चूक समजली जाते. त्यामुळे आता पोकळी आपणच करून द्यावी लागते.

कोण येईल, कोण येणार नाही

टांगलेल्या घरात फक्त ढोलीत किंवा पोकळीत घरटं करणारे पक्षीच येतात. चिमणी, दयाळ, चिरक, साळुंकी, भांगपाडी मैना, पिंगळा, पोपट हे त्यातले. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी, होला, सातभाई, सुगरण यांना खोक्याशी देणंघेणं नाही. त्यांना झुडूप, काटेरी फांदी किंवा विहिरीवर वाकलेली बाभूळ लागते. अंगणात बुलबुल फार दिसतात म्हणून घरटं लावत असाल तर त्याऐवजी मेंदीचं किंवा लिंबोणीचं झाड लावा.

आजूबाजूला चिमण्या आहेत का, हे आधी बघा. चिमणी लांबून उडत येऊन नवं गाव वसवत नाही. जिथे किराणा दुकानासमोर, गोठ्यात, शेजारच्या पत्र्याखाली तिचा चिवचिवाट आहे, तिथून पन्नास-शंभर पावलांवरचं घर ती लवकर धरते. चिमणी दिसतच नसेल तर पहिलं वर्ष दाणा-पाण्याचं ठेवा, घरटं पुढच्या वर्षी.

भिंत निवडणे

हे काम बसून नाही, चालत करायचं आहे. घराभोवती सकाळी नऊला, दुपारी एकला आणि चारला अशा तीन फेऱ्या मारा आणि कुठल्या भिंतीवर ऊन कधी येतं ते कोळशाने खूण करून ठेवा.

पश्चिमेची भिंत एकदम बाद. दुपारचं ऊन तिच्यावर पडतं, सिमेंट ते साठवतं आणि रात्री नऊपर्यंत बाहेर टाकत राहतं. पावसाळी वारंही नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतं. म्हणजे उन्हाळ्यात होरपळ आणि पावसाळ्यात झड, दोन्ही तिथेच. दक्षिणेची भिंत हिवाळ्यात दिवसभर उन्हात असते, तीही नको.

उत्तरेची भिंत सावलीची, असं सगळे सांगतात. डिसेंबरात बघितलं तर ते खरंच वाटतं. पण आपण १८ ते २० अक्षांशांच्या पट्ट्यात राहतो. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो तो, आपल्याकडे मेच्या मध्याच्या आसपास येतो, धाराशिव-लातूरकडे थोडा आधी, संभाजीनगर-जालन्याकडे काही दिवसांनी. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो आणि मावळतोही वायव्येला. म्हणजे जी भिंत थंडीत सावलीत होती, तिच्यावरच मे-जूनच्या संध्याकाळी तिरपं ऊन पडतं. हिवाळ्यात घरटं लावणारे इथेच फसतात. उत्तरेची भिंत चालेल, पण वर दीड-दोन फुटांचा छज्जा हवा आणि वायव्येच्या बाजूला झाड, जिना किंवा शेजारची भिंत आड यायला हवी.

माझी पसंती पूर्वेच्या भिंतीला, छज्जाखाली. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, अकरानंतर सावली आणि दुपारनंतर भिंत थंड होत जाते. वसरी असेल तर तिच्या आतली बाजू सगळ्यांत उत्तम, कारण फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही तिथलं घरटं शाबूत राहतं. २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली आहे त्यांना उघड्यावर का टांगायचं नाही ते सांगायला नको. पत्र्याच्या शेडची कड मात्र टाळा. पत्र्याखालची सावली ही सावली नसते, वरून झळ येतच असते.

उंची आठ ते बारा फूट. समोर सात-आठ फूट मोकळं असावं, म्हणजे पिलांना दाणा घेऊन येणारी चिमणी सरळ भोकात शिरते. घरट्यापासून चार फुटांच्या आत कठडा, जिन्याची पायरी, कूलरचा स्टँड, पाण्याचा पाइप किंवा चढलेला वेल नको. मांजर कठड्यावरून झेप घेते, धामण पाइपला वेटोळे घालत वर जाते.

खोलीत टांगू नका. माजघरातली चिमणी कौतुकाची, पण छताचा पंखा तिला दिसत नाही. दिवाळीनंतर बंद असलेला पंखा मार्चमध्ये फिरू लागतो, नेमकी पिलांची वेळ साधून.

विकत घ्यायचं तर

बाजारातली बरीच घरटी माणसाला आवडावीत म्हणून केलेली असतात. लाल छप्पर, छोटी गॅलरी, वर "स्वीट होम". चिमणीला वाचता येत नाही. तुम्ही चार गोष्टी तपासा.

पहिली, भोक. चिमणीसाठी ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. दुकानात पट्टी नसते, दहा रुपयांचं नाणं खिशात असतं. ते २७ मिलिमीटरचं असतं. नाणं भोकातून आरामात जावं आणि चहूबाजूंनी अडीच-तीन मिलिमीटर जागा उरावी. दीड इंचाच्या पुढे भोक गेलं की मोठ्या पक्ष्यांना वाट मिळू लागते, आणि दोन इंचांच्या भोकावर साळुंकी हक्क सांगते. साळुंकी आली की चिमणी हटलीच. दुसरी गोष्ट, भोकाखाली बसायची काडी नको. चिमणीला ती लागत नाही, ती लाकडाला पंजे रोवते. काडीचा उपयोग होतो तो आत डोकावणाऱ्या कावळ्याला. तिसरी, खोली. भोकाच्या खालच्या कडेपासून तळ चार-पाच इंच खाली असावा, नाहीतर पंजा घालून पिलू ओढता येतं. चौथी, उघडता येणारी बाजू. साफ करता येत नाही ते घर एका हंगामाचं.

सामानात प्लास्टिक आणि पत्रा नकोच. एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, पहिल्या पावसात फुगते. साधी प्लाय सुटते, वॉटरप्रूफ असेल तर टिकते. पुठ्ठ्याचा खोका वसरीच्या आत एक हंगाम चालतो, शाळेतल्या लेकरांना करायला चांगला. कुंभाराचं गाडगं मला सुबक लाकडी घरट्यांपेक्षा बरं वाटतं, कारण भाजलेली माती लवकर तापत नाही. कुंभाराला सांगून कच्च्या गाडग्यालाच बाजूने सव्वा इंचाचं भोक पाडून घ्या, तळाशी दोन बारीक छिद्रं. तोंडावर लाकडी चकती तारेने बांधली की साफसफाईची सोय झाली. आतून गुळगुळीत असेल तर भोकाखाली काथ्याचा तुकडा चिकणमातीने चिकटवा, पिलांना चढायला आधार होतो.

मिस्त्रीकडून करून घ्यायचं तर

सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि पाच फूट लांब अशी एकच फळी लागते. जुन्या दाराची, खाटेची, कशाचीही चालेल. रंधा मारायचा तो फक्त बाहेरून. फळीवर या क्रमाने खुणा करा: पाठ १६ इंच, समोरची बाजू ८ इंच, तळ साडेचार इंच, छप्पर १० इंच. मग दोन्ही कुशींसाठी, म्हणजे बाजूच्या फळ्यांसाठी, १८ इंचांचा तुकडा, तो मधून तिरका कापायचा, असा की प्रत्येक कुशीची मागची कड १० इंच आणि पुढची ८ इंच येईल. बेरीज साडेछप्पन्न इंच होते, उरलेल्यात करवतीच्या फटी निघतात.

दोन्ही कुशींच्या मध्ये तळ बसवा, पण त्यांच्या खालच्या कडेशी अगदी सपाट नको. पाव इंच वर ठेवला की भिंतीवरून ओघळलेलं पाणी तळात मुरत नाही. तळाच्या चार कोपऱ्यांना पाव इंचाची छिद्रं. समोरच्या बाजूला वरच्या कडेपासून दोन इंच खाली भोकाचा मध्य धरा. तळापासून भोकाची खालची कड मग सव्वाचार इंचांच्या वर येते. भोक होल सॉने पाडा, पटाशीने कोरलेल्या भोकाची कुसळं पिसांना लागतात. पटाशी वापरायची ती आतून: भोकाखाली आडव्या खाचा मारा, उडायच्या दिवशी पिलं त्याच धरून वर येतात. दोन्ही कुशींना छपराच्या खाली तीन-तीन पाव इंची छिद्रं, गरम हवा बाहेर पडायला.

एक कूस खिळ्यांनी पक्की करू नका. वर दोन्हीकडून एकेक खिळा मारा, त्यावर ती दारासारखी फिरते. खाली एक स्क्रू, साफ करताना काढायचा. छप्पर आणि पाठ जिथे मिळतात तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोका, पाणी आत येत नाही.

आता आपल्या भागासाठीची खास भर. या छपरावर दुसरं छप्पर चढवा. दहा बाय बारा इंचांचा वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा, खाली एक-एक इंचाच्या चार ठोकळ्या. ऊन वरच्या छपरावर पडतं, मधल्या पोकळीतून वारं वाहतं आणि खालची फळी तापत नाही. पुण्या-कोकणातल्या नकाशांत हे तुम्हाला क्वचितच दिसेल. तिथे पाऊस अडवला की भागतं.

रंग बाहेरूनच, आणि फिका. चुन्याचे दोन हात सगळ्यांत स्वस्त आणि उन्हाला परतवणारे. लाकूड दिसावं असं वाटत असेल तर जवसाचं तेल लावून दोन-तीन आठवडे वाळू द्या. शेतातल्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल किंवा डांबर फासायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे नको. आतून काहीच लावायचं नाही.

टांगणे

भिंतीत ड्रिल मारून प्लास्टिकची गिट्टी ठोका आणि पाठीच्या वर-खाली राहिलेल्या तीन-तीन इंचांतून स्क्रू आवळा. सुतळीवर लोंबकळणारं घर चिमणी टाळते, शिवाय जूनच्या वावटळीत ते भिंतीवर आपटतं. पाठ आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा, ओल राहत नाही आणि वाळवीला वाट मिळत नाही. घर किंचित पुढे झुकलेलं असावं, मागे कधीच नाही.

चिमण्या वस्तीने राहतात. एकाऐवजी दोन-तीन घरं, चार-पाच फुटांच्या अंतराने लावा. दयाळाचं मात्र उलटं, एका अंगणात एकच नर राज्य करतो.

आत काडी-कचरा भरून द्यायचा मोह होतो. नको. रिकामं घर बघूनच नर चिमणा ते धरतो, आणि सामान आणणं हा त्यांच्या संसाराचाच भाग आहे. फार वाटलं तर काथ्याचे बोटाएवढे तुकडे, वाळलं गवत, कोंबडीची पिसं अंगणात एका कोपऱ्यात ठेवा. लांब दोरा, नायलॉनची सुतळी, मांजा, केसांची गुंतवळ उचलून टाका. पिलांच्या पायाला वेढा बसला की पाय जातो.

वेळ दिवाळी ते संक्रांत. जोड्या फेब्रुवारी-मार्चपासून जागा शोधतात, त्याआधी घर भिंतीवर जुनं झालेलं असावं. पावसाळ्यात कीटक वाढले की पुन्हा एक बहर येतो, त्यामुळे मार्चमध्ये रिकामं राहिलेलं घर श्रावणात धरलं गेलं तर नवल नाही. पूर्ण एक वर्ष कोणी फिरकलं नाही, तरच पुढच्या हिवाळ्यात जागा बदला.

दाणा, पाणी आणि फवारणी

खाऊची थाळी घरट्याखाली ठेवू नका. दाण्यावर कावळे, खारी, साळुंक्या जमतात आणि त्यांची नजर वर जाते. पंधरा-वीस फूट लांब ठेवा. बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी पुरते. सगळ्यांत देखणी पद्धत आपली जुनीच: सुगीत ज्वारीच्या कणसांची जुडी वसरीच्या आढ्याला बांधायची. शिळा भात, फरसाण, शेव घालू नका.

पाण्याला मातीचं परळ घ्या, खोली दीड-दोन इंच, मध्ये एक दगड. जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) ताट दुपारी चटका देतं. एप्रिल-मेमध्ये पाणी सकाळी आणि दुपारी बदला आणि परळ रोज घासा, त्यात डास होऊ देऊ नका. शेजारी हातभर जागेत बारीक कोरडी माती मोकळी ठेवा. चिमण्या तिच्यात लोळून अंगावरचे किडे झाडतात. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने भरणाऱ्यांना ही हातभर जागा सोडणं जड जातं, असा माझा अनुभव आहे.

मोठी चिमणी दाण्यावर जगते, पिलं नाही. पहिले काही दिवस त्यांना अळ्या आणि मऊ किडेच लागतात. शेवग्यावर, कढीपत्त्यावर, परसातल्या वांग्यावर कीटकनाशक मारलंत तर घरट्यातली पिलं उपाशी राहतात किंवा विषारी अळी खातात. कापूस-सोयाबीनवरची फवारणी तुमच्या हातात नसेल, परसातली आहे.

आत कोणी आलं की

नर भोकाशी बसून सारखा चिवचिवतो, मग काड्या जाऊ लागतात. अंडी तीन ते पाच, उबवण अकरा ते चौदा दिवस, त्यानंतर साधारण दोन आठवड्यांत पिलं उडतात. या महिनाभरात झाकण उघडून फोटो काढायचे नाहीत. खालून मोबाइलचा टॉर्च मारायचा नाही. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर वसरीच्या दुसऱ्या टोकाहून.

पिलू खाली पडलं आणि अंगावर पिसं नसतील तर उचलून परत आत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे खरं नाही. पिसं फुटलेलं, टुणटुणतं पिलू असेल तर ते उडायला शिकतंय. मांजर बांधा आणि पिलू जवळच्या झुडपात ठेवून बाजूला व्हा. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं.

मुंग्यांची रांग भोकाकडे निघाली तर खडू किंवा पावडर घरट्याला लावू नका. रांग कुठून येते ते शोधा. बहुतेकदा भिंतीला टेकलेली फांदी किंवा केबल सापडते, ती दूर करा. खारीने भोक कुरतडून मोठं केलं तर ३२ मिलिमीटरचं भोक असलेली पत्र्याची चकती त्यावर ठोका, कडा कानशीने घासून. भारद्वाज अंडी-पिलं खातो. तो अंगणात फिरत असेल तर खोल घर आणि लहान भोक एवढाच उपाय, त्याला दगड मारून काही होत नाही.

साफसफाई दिवाळीच्या आवराआवरीत, वर्षातून एकदा. आत अंडी-पिलं नाहीत याची खात्री करा. नाका-तोंडाला रुमाल, हातात मोजे; जुन्या घरट्यावर आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ आणि किडे उडत नाहीत. काडी-कचरा काढून उकळतं पाणी ओता, फिनेल नाही, साबण नाही. दिवसभर उन्हात उघडं ठेवा. गांधीलमाशीने आत पोळं धरलं असेल तर ते याच वेळी निघतं.

चिमणीशिवाय

झाडी असलेल्या परसात दयाळासाठी असंच खोकं करा, पण तळ सहा बाय सहा आणि समोरच्या फळीचा वरचा अर्धा भाग उघडा. सहा ते दहा फुटांवर, पानांच्या आडोशाला. चिरकाला इतकंही लागत नाही. माळरानाच्या कडेच्या घरांत तो कंपाउंडच्या भिंतीतलं छिद्र, फुटका माठ, पडीक पाइप यात कमरेएवढ्या उंचीवर संसार थाटतो. घर बांधताना भिंतीत एक वीट अर्धी सोडली तरी त्याचं भागतं.

मोठा कडुलिंब किंवा आंबा असेल तर पिंगळ्यासाठी घर लावून बघा. तळ आठ बाय आठ, उंची सोळा इंच, भोक तीन इंच, बारा-पंधरा फुटांवर, खोडाच्या पूर्वेला. तो घरट्याला फारसं सामान आणत नाही, म्हणून तळात दोन इंच रंध्याचा भुसा पसरा. पिंगळा उंदीर, किडे, भुंगेरे खातो. अशुभ म्हणून त्याला हाकलणारे शेजारी असतील, तर आधी त्यांना हे सांगा आणि मगच शिडी लावा. या घरात कधी पोपटही शिरतो. पिलं काढली तर ती तिथेच राहू द्यायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, मग ते पिलू तुमच्याच झाडावरचं का असेना.